निदान एकाचे, कारण अनेकांचे: आरोग्यविषयक संपादकांना खुले पत्र

प्रति,
वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वृत्तवाहिन्या यांतील आरोग्यविषयक मजकुराचे सर्व संपादक

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. विकृतिशास्त्रज्ञ असा मराठी शब्द आहे, पण तो उच्चारला की समोरचा माणूस दचकतो, म्हणून मीही तो फारसा वापरत नाही. शस्त्रक्रियेत किंवा सुईने काढलेला शरीराचा तुकडा माझ्या टेबलावर येतो, मी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आणि चार ओळी लिहिते. ज्यांच्याविषयी त्या ओळी असतात ती माणसे मला बहुधा कधीच भेटत नाहीत.

काही महिन्यांपूर्वी मात्र एक गृहस्थ अहवाल न्यायला आले आणि खिडकीपाशीच थांबून राहिले. त्यांच्या पत्नीच्या स्तनातील गाठ डॉक्टरांच्या हाताला लागली होती, बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, लगेच करून घ्या असे त्यांना बजावण्यात आले होते, आणि तरीही मध्ये चार महिने गेले होते. त्यांनी खिशातून घडी घातलेले एक कात्रण काढले. रक्ताच्या एका थेंबातून कर्करोगाचे निदान होणार, अशी ती बातमी होती. ती वाचून त्यांनी बायोप्सी लांबणीवर टाकली, रक्तातील एका ट्यूमर मार्करची, म्हणजे कर्करोगात वाढू शकणाऱ्या एका पदार्थाची, चाचणी करून घेतली, तिचा आकडा मर्यादेत आला आणि घरातल्या सर्वांच्या जिवात जीव आला. आता माझा अहवाल त्यांच्या हातात होता आणि त्यात कर्करोग स्पष्ट लिहिलेला होता. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. ‘रक्तात नव्हता, मग तुकड्यात कुठून आला?’ हा पहिला. दुसरा त्यांनी जरा वेळाने विचारला, ‘तिला कसलंच व्यसन नाही हो. मग हे झालं कशामुळे?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पाच मिनिटांत देऊ शकले. दुसऱ्याचे देता आले नाही, आणि ते कोणालाच देता आले नसते. हे पत्र त्या दोन प्रश्नांमुळे लिहीत आहे. कर्करोगाचे निदान एका माणसाचे असते आणि योग्य तपासण्या झाल्या तर ते बहुतेक वेळा ठामपणे करता येते. कर्करोगाचे कारण मात्र हजारो माणसांकडे एकत्र पाहिल्यावर दिसते, आणि त्यातल्या एखाद्या माणसाकडे बोट दाखवून ‘याला हा रोग अमुक गोष्टीमुळेच झाला’ असे म्हणणे क्वचितच शक्य होते. आपल्या बातम्यांत आणि लेखांत मला नेमके याच्या उलट चित्र दिसते. निदानाच्या बाबतीत आपण सैल असता, आणि कारणाच्या बाबतीत कमालीचे ठाम.

प्रथम निदानाविषयी. काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, म्हणजे पेशी कुजत नाहीत आणि होत्या त्या रूपात थिजून राहतात. स्तनाच्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा असा दंडक आहे, कारण तो कमी किंवा जास्त राहिला तर पुढच्या संप्रेरक-ग्राहकांच्या (हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनांच्या) तपासण्या चुकू शकतात. त्यानंतर मी तो डोळ्यांनी पाहते, मोजते, सुरीने कापते, आणि त्याचे निवडक भाग प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डब्यांत ठेवते. रात्रभर यंत्रात त्यातले पाणी अल्कोहोलने काढून घेतले जाते, अल्कोहोलची जागा झायलीन घेते आणि झायलीनची जागा वितळलेले मेण घेते. सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा तयार होतो, ज्याला आम्ही सरळ ‘ब्लॉक’ म्हणतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाइतका एक काप असतो. ते काप कोमट पाण्यावर फितीसारखे तरंगतात आणि आमचे तंत्रज्ञ ते काचपट्टीवर अलगद उचलून घेतात. हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला जमते, आणि ज्या दिवशी ते नीट जमत नाही त्या दिवशी काप सुरकुततो व माझे डोळे काहीही करू शकत नाहीत. शेवटी दोन रंग दिले जातात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीची पेशी गुलाबी होते.

या निळ्या-गुलाबी चित्रात मी काय पाहते? केंद्रके आकाराने एकसारखी आहेत की लहानमोठी, ती पेशीची किती जागा व्यापतात, पेशी विभागताना किती दिसतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या आपली हद्द ओलांडून शेजारच्या ऊतीत शिरल्या आहेत का. स्तनातील दुधाच्या नलिकेला आतून पेशींचे अस्तर असते आणि त्या अस्तराबाहेर मायोएपिथेलियल पेशींचा एक पातळ थर असतो. विकृत पेशींनी नलिका गच्च भरलेली असली तरी तो थर शाबूत असेल, तर रोग अजून नलिकेच्या आत आहे. तो थर नाहीसा झालेला असेल आणि पेशी बाहेर विखुरलेल्या असतील, तर तो आक्रमक कर्करोग. नुसत्या रंगांनी हे कळले नाही तर त्या थरातील प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे वापरून पुन्हा रंग द्यावा लागतो; थर असेल तेथे तपकिरी रेघ उमटते, नसेल तेथे उमटत नाही. त्या बाईंच्या स्लाइडवर ती रेघ शोधण्याची गरजच पडली नव्हती.

आता त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न. बहुतेक घट्ट गाठींच्या कर्करोगांचे निदान रक्तातील मार्करवरून होत नाही, याचे कारण मार्कर हे कर्करोगाच्या पेशींपुरते मर्यादित नसतात. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीच्या निरोगी पेशीही तयार करतात, आणि ग्रंथी वयोमानाने वाढली किंवा तिला सूज आली तरी त्याचा आकडा चढतो. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी पाहिल्या जाणाऱ्या सीए १२५ चा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या विकारात), गरोदरपणात, इतकेच काय मासिक पाळीतही वाढलेला सापडतो. सीईए हा आणखी एक मार्कर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये जास्त असतो. उलट बाजूने पाहिले तर कर्करोग असूनही, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेत, हे आकडे अगदी मर्यादेत राहतात. या चाचण्या टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. निदान झाल्यावर उपचार लागू पडत आहेत का, रोग उलटला का, हे पाहण्यासाठी आम्ही त्या रोज वापरतो. पण हाताला लागलेली गाठ बाजूला ठेवून मर्यादेतल्या आकड्यावर विसंबणे म्हणजे दारातून धूर येत असताना घरात फोन करून सगळे ठीक आहे ना असे विचारण्यासारखे आहे.

याला अपवाद आहेत आणि तेही लिहिलेच पाहिजेत. रक्ताच्या कर्करोगात गाठ नसते. तेथे रक्त आणि अस्थिमज्जा हाच आमचा ‘तुकडा’. यकृताचा सिरोसिस असलेल्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर विशिष्ट लक्षणे दिसली तर यकृताच्या कर्करोगाचे निदान बायोप्सीशिवायही केले जाते. वृषणातील संशयित गाठीला बाहेरून सुई टोचत नाहीत, संपूर्ण वृषणच काढून तपासतात. रक्तात तरंगणारे अर्बुदाचे, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचे, डीएनए शोधणाऱ्या नव्या चाचण्यांवर गंभीर संशोधन चालू आहे, आणि काही कर्करोगांत औषध निवडण्यासाठी त्या वापरातही आल्या आहेत. आपली ‘एका थेंबाची’ बातमी या संशोधनाविषयीच असणार. पण संशोधनात आशादायक ठरलेली चाचणी आणि गाठ असलेल्या बाईने बायोप्सीऐवजी करून घ्यायची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे एक वाक्य त्या बातमीत असते तर ते चार महिने वाचले असते.

स्कॅनबाबतही हाच गोंधळ दिसतो. ‘पेट स्कॅनमध्ये कॅन्सर पेटला’ अशी भाषा रुग्णांच्या तोंडी रुळली आहे, आणि ती त्यांनी आपल्याकडूनच उचलली असावी. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात आणि ती कोठे जास्त खर्च होते ते पाहतात. कर्करोगाच्या पेशी साखर भरपूर वापरतात हे खरे, पण क्षयाची गाठ, न्यूमोनिया, नुकतीच भरून येणारी जखम याही त्या चित्रात उजळतात. फुप्फुसातली सावली क्षयाची आहे की कर्करोगाची, हे चित्रावरून कित्येकदा ठरत नाही; तुकडा किंवा पेशी लागतातच. स्कॅन कोठे पाहायचे ते सांगतो आणि रोग किती पसरला आहे ते सांगतो, आणि दोन्ही कामे मोलाची आहेत.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत कधीकधी छापून आलेलीही मी वाचली आहे. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचे प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत, पण ते विरळ आहेत आणि ज्या अवयवांत तो धोका खरा आहे तेथे शल्यविशारद त्याप्रमाणे आधीच पद्धत बदलतात. बायोप्सी टाळल्याने होणारे नुकसान मात्र मी दर महिन्याला पाहते.

चुका आमच्याकडूनही होतात. काही स्लाइड अशा असतात की त्यांवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांची मते जुळत नाहीत, आणि तशा वेळी तिसऱ्याचे मत घेणे यात कमीपणा नाही. ब्लॉक आणि स्लाइड वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असतात ते यासाठीच, आणि दुसरे मत घेण्यासाठी ते मागून नेण्याची सोय रुग्णाला असते. हे वाचकांना ठाऊक नसते. एखाद्या चौकटीत छापलेत तर बरे होईल.

आता ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्या तपासणीविषयी, कारण आपल्या पानांवर ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिराती आणि कर्करोगाविषयीचे लेख हल्ली शेजारीशेजारी असतात. एक हिशेब करून पाहा. समजा १०,००० धडधाकट माणसांपैकी ५० जणांना एखादा कर्करोग आहे, आणि चाचणी अशी की रोग असलेल्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते व रोग नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम चाचणी. ती ५० पैकी ४५ रुग्ण पकडेल. पण उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी जवळजवळ ४९८ जणांनाही ती ‘संशयित’ ठरवेल. म्हणजे ज्यांना ‘संशयित’ असा कागद मिळाला अशा बारा माणसांत रोग खरोखर एकालाच आहे, आणि बाकी अकरा जण पुढचे स्कॅन, सुया आणि झोपेविना काढलेल्या रात्री यांतून जाणार. ‘९० टक्के अचूक’ असा मथळा देताना हा हिशेब कोणी केलेला असतो असे मला वाटत नाही.

दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढले. त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास होते तेथेच राहिले. जे कर्करोग कधीच त्रास देणार नव्हते ते सापडले, आणि हजारो माणसांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या. लवकर निदान नेहमीच जीव वाचवते हे वाक्य आपण डोळे मिटून छापता. ते काही कर्करोगांना लागू आहे, सर्वांना नाही. गर्भाशयमुखाची पॅप किंवा एचपीव्ही (मानवी पॅपिलोमा विषाणू) तपासणी, ठरावीक वयात मॅमोग्राफी, मोठ्या आतड्यासाठी मलातील सूक्ष्म रक्ताची तपासणी व कोलोनोस्कोपी, अनेक वर्षे भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी अल्प मात्रेचा सीटी, यांनी मृत्यू कमी होतात असा भक्कम पुरावा आहे. ही यादी छोटी आहे आणि ती छोटी आहे हीच बातमी आहे. जिला गाठ लागली आहे, ज्याला खोकल्यातून रक्त पडते, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना तपासणीची चाळण नको, निदान हवे.

येथवर निदान. कारणांचा इतिहास मला स्वतःला अधिक आवडतो, कारण त्यात तर्काचा खेळ आहे. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग जास्त आढळतो आणि त्याचा काजळीशी संबंध आहे असे लिहिले. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची आणि इतर रुग्णांची धूम्रपानाची माहिती शेजारीशेजारी ठेवून दोन्हींमधला फरक दाखवला, आणि पुढच्याच वर्षी हजारो ब्रिटिश डॉक्टरांचा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू केला. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. कोणत्याही एका धुराडीवाल्याकडे किंवा एका रुग्णाकडे पाहून हे कळले नसते. माणसांच्या दोन समूहांची तुलना केली तेव्हाच कळले.

धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता न करणाऱ्याच्या पंधरा ते तीस पट असते. तरीही बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांना तो होत नाही, आणि आयुष्यात विडी-सिगारेटला न शिवलेल्या काहींना होतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ‘माझे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते’ हा युक्तिवाद फोल ठरतो तो म्हणूनच, आणि ‘तिला कसलंच व्यसन नाही, मग कशामुळे’ या प्रश्नाला उत्तर नसते तेही म्हणूनच. असे थोडे रोग आहेत ज्यांत एका माणसाचेही कारण जवळजवळ नक्की सांगता येते. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला की आम्ही प्रथम ॲस्बेस्टॉसविषयी विचारतो, आणि तो संपर्क कित्येकदा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा निघतो. अलीकडे अर्बुदाच्या डीएनएत तंबाखूच्या धुराने किंवा अतिनील किरणांनी सोडलेल्या खुणाही वाचता येऊ लागल्या आहेत. पण हे अपवाद आहेत, आणि स्तनाच्या कर्करोगात बहुतेकदा अशी खूण नसते.

कारणांच्या बातम्यांत सर्वांत जास्त घोळ ज्या यादीवरून होतो तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील लिऑन येथे आहे. ती निरनिराळे पदार्थ, किरणे, विषाणू आणि व्यवसाय यांची गट १, गट २ अ, गट २ ब आणि गट ३ अशी वर्गवारी करते. तंबाखू, ॲस्बेस्टॉस, मद्य, सूर्याची अतिनील किरणे, सुपारी हे सारे गट १ मध्ये आहेत, आणि २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांसही त्याच गटात गेले. लगेच ‘सिगारेटइतकेच घातक’ असे मथळे जगभर झळकले. ही यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, घातकपणा किती आहे ते सांगत नाही. साक्षीदार विश्वासार्ह आहेत एवढेच ती म्हणते. आरोपीने खून केला की पाकीट मारले हे तिच्यात लिहिलेले नसते. प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा तेव्हाचा अंदाज होता. हा वाढीव धोका मुळात असलेल्या धोक्याच्या प्रमाणात मोजायचा असतो. समजा एरवी १०० पैकी पाच जणांना आयुष्यभरात हा रोग होतो, तर तो आता साधारण सहा जणांना होईल. वर सांगितलेल्या पंधरा ते तीस पटींशेजारी ही वाढ ठेवून पाहा. ‘१८ टक्के’ हा आकडा खोटा नाही, पण ‘पाचाचे सहा’ हे सोबत न छापता तो एकटा छापणे म्हणजे वाचकाला घाबरवणे आहे.

त्याच यादीतला गट २ ब तर ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा अपुरा’ अशा गोष्टींचा आहे. मोबाइलच्या रेडिओ लहरी २०११ पासून तेथे आहेत, कृत्रिम गोडी आणणारे ॲस्पार्टेम २०२३ मध्ये तेथे गेले. कॉफीही मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात अनेक वर्षे त्या गटात होती. २०१६ मध्ये ती गट ३ मध्ये, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही अशा गटात, हलवण्यात आली. ती गट २ ब मध्ये असल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. ती तेथून बाहेर पडल्याची बातमी वाचल्याचे मला आठवत नाही.

उलट दिशेनेही चूक होते. जानेवारी २०१५ मध्ये टोमासेट्टी आणि व्होगेलस्टाइन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शरीराच्या काही ऊतींत कर्करोग वारंवार आणि काहींत क्वचित का होतो, या फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग त्या ऊतींतील मूलपेशी आयुष्यात किती वेळा विभागतात याच्याशी जुळतो, असे त्यांनी दाखवले. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. बातम्या मात्र ‘दोन-तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवाने’ अशा आल्या. ऊतींमधल्या फरकाविषयीचे विधान माणसांच्या नशिबाविषयीचे विधान होऊन बसले. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटना ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत असे सांगत होती, आणि यात विसंगती काहीच नाही. नकलेतल्या चुका होतातच. तंबाखू त्यांची संख्या वाढवते.

एक शब्दाची गोष्ट, कारण ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द आपल्या मजकुरात एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्येक कर्करोग जनुकीय असतो, कारण पेशीच्या जनुकांत बदल झाल्याशिवाय तो होतच नाही. पण हे बदल बहुतांशी आयुष्यात, एखाद्या अवयवाच्या एखाद्या पेशीत होतात आणि पुढच्या पिढीत जात नाहीत. जन्मतःच मिळालेल्या दोषामुळे होणारे, म्हणजे आनुवंशिक, कर्करोग एकूण कर्करोगांच्या पाच ते दहा टक्के असतात. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही जनुके १९९४ आणि १९९५ मध्ये शोधली गेली, आणि त्यांतला दोष असलेल्या स्त्रीला स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळच जास्त असतो; अशा घरांना तपासणी आणि समुपदेशन मिळायलाच हवे. पण ‘कर्करोग जनुकीय असतो’ हे वाक्य वाचून एखाद्या रुग्णाची मुलगी ‘मग मलाही होणार’ असे धरून चालते तेव्हा चूक विज्ञानाची नसते, शब्दाची असते.

जंतूंमुळे होणाऱ्या कर्करोगांना मात्र आपण फार कमी जागा देता, याचे मला खरोखर नवल वाटते, कारण उपाय हाताशी असलेला हा विभाग आहे. गर्भाशयमुखाचा जवळजवळ प्रत्येक कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांना या शोधासाठी २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि आज त्यावर लस आहे. हिपेटायटिस बीच्या विषाणूमुळे यकृताचा कर्करोग होतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस देणे सुरू केले आणि पुढे तेथील मुलांमधल्या यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. जठराच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, हेही त्याच लेखात लिहिले पाहिजे. नाहीतर अहवालात एचपीव्ही पॉझिटिव्ह वाचून एखादी स्त्री स्वतःला कर्करोगग्रस्त समजते आणि हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हणून नवरा तिच्याकडे संशयाने पाहू लागतो. हे दोन्ही मी ऐकलेले आहे.

आणि येथे मी त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येते. ‘कशामुळे झालं’ हा प्रश्न ते विचारत होते तेव्हा त्यांना रसायनशास्त्र जाणून घ्यायचे नव्हते. कोणाचे चुकले, हे त्यांना हवे होते. बायकोचे चुकले असेल तर काय, आपले चुकले असेल तर काय, याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. ‘या पाच सवयींमुळे होतो स्तनाचा कर्करोग’ अशा मथळ्याखाली आपण जेव्हा वाढलेले वजन, मद्य, उशिरा झालेले मूल यांची यादी देता, तेव्हा समूहाच्या आकडेवारीतून काढलेल्या गोष्टी आपण एका बाईवर आरोपपत्र म्हणून ठेवता. स्तनाच्या कर्करोगात सर्वांत मोठे दोन धोके म्हणजे स्त्री असणे आणि वय वाढणे. ते त्या यादीत कधी नसतात, कारण त्यावर कोणाला बोल लावता येत नाही. मी त्यांना सांगितले की शोधू म्हटले तरी कारण सापडणार नाही, आणि कोणाचेही चुकलेले नाही. चार महिन्यांच्या उशिराबद्दल त्यांनी विचारले नाही. मीही बोलले नाही.

आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. चाचणीची बातमी असेल तर ती चाचणी कोणावर करून पाहिली, आणि गाठ असलेल्या माणसाने ती बायोप्सीऐवजी करायची आहे का, हे पहिल्या दोन परिच्छेदांतच लिहा. धोका वाढल्याची बातमी असेल तर टक्क्यांसोबत ‘शंभरातल्या किती जणांना’ हा आकडा छापा; तो मूळ निबंधात बहुधा असतो, आणि नसेल तर तज्ज्ञाला फोन करून विचारता येतो. आणि तपासण्यांच्या जाहिराती व कर्करोगाचे लेख शेजारीशेजारी लावू नका. यातले काहीही करायला खर्च येत नाही, तिसऱ्या मागणीने उत्पन्न थोडे बुडेल हे मला मान्य आहे.

आपल्यापैकी कोणाला हे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर माझ्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर बसून दोघांना एकच स्लाइड पाहता येईल अशी जोडणी आहे, आणि दुसरी खुर्ची बहुतेक वेळा रिकामीच असते. रुग्णाचे नाव झाकून मी एक साधी गाठ आणि एक कर्करोगाची गाठ शेजारीशेजारी दाखवीन, आणि वर लिहिलेली ती तपकिरी रेघही. येणाऱ्याने सकाळी लवकर यावे. आदल्या दिवशीचे तुकडे रात्रभर यंत्रात असतात, सकाळी ते मेणात बसवले जातात, आणि पहिल्या स्लाइड माझ्या टेबलावर यायला दुपार होते; तोवर मला वेळ असतो.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट, आणि आपल्या आरोग्य-पानांची नियमित वाचक